लाल पेटी रिकामी दिसली की मला काळजी वाटते (साहेब, कामगार आणि विश्वास)

रानजाई

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे ॲल्युमिनियमचे सुटे भाग आमच्याकडे होतात. कास्टिंग (साच्यात ओतलेला कच्चा भाग) बाहेरून येतं, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, मशिनिंग होतं, मग वॉशिंग, लीक टेस्ट, शेवटची तपासणी आणि डिस्पॅच. प्रत्येक मशीनशेजारी एक लाल पेटी असते. पीस बिघडला की ऑपरेटरने तो पेटीत टाकायचा, टॅगवर काय बिघडलं ते लिहायचं आणि शिफ्ट संपताना आम्ही पेटी बघायची, अशी पद्धत.

बाहेरून आलेल्या माणसाला रिकामी लाल पेटी बघून बरं वाटतं. मला वाटत नाही. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) निघतात. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या टोकाची, धार जाते. क्लॅम्पखाली चिप अडकली की पीस तिरका बसतो आणि बोअर (आतलं भोक) वाकडा जातो. कुठल्याही मशीन शॉपमध्ये हे होणारच. मग एखाद्या लाइनवरून रोज 'रिजेक्शन शून्य' लिहून येत असेल तर एक तर गेज (माप तपासायचं साधन) लावलंच जात नाही, किंवा बिघडलेले पीस दुसरीकडे जातात. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे शॉपवर काम केलेल्यांना सांगायला नको. कूलंटच्या टाकीमागे, पॅलेटखाली, चिप्सच्या ट्रॉलीत तळाशी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओके मालाच्या ट्रेमध्ये, मधल्या थरात.

मधल्या थरातला तो पीस कस्टमरच्या लाइनवर सापडतो. मग फोन येतो, आपली माणसं सॉर्टिंगला जातात, डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) येते आणि एट-डी रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि त्यावर काय उपाय केला याचा आठ टप्प्यांचा अहवाल, भरावा लागतो. त्यात 'मूळ कारण' म्हणून लिहिलं जातं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय काय, तर ऑपरेटरला समज दिली, पुन्हा ट्रेनिंग दिलं. मला या वाक्याची मनापासून चीड आहे. ते ज्या दिवशी लिहिलं जातं, त्या दिवशी पुढचा पीस लपवण्याचं कारण आपणच शॉपवर पोचवतो.

आता धागा काढायचं कारण. परवा तिसऱ्या शिफ्टला एका कंत्राटी मुलाने इन्सर्ट बदलला, ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) टाकताना दशांश चिन्ह चुकलं आणि बोअर मोठा झाला. इन्सर्ट बदलल्यावर फर्स्ट पीस तपासायचा असतो, तो त्याने तपासला नाही. ट्रे भरत आल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने स्वतः मशीन थांबवलं, लाइन लीडरला हाक मारली आणि पूर्ण ट्रे बाजूला काढायला लावली. एकही पीस पुढे गेला नाही. सकाळी प्रॉडक्शनकडून मला विचारणा झाली, नाव द्या, मेमो काढायचा आहे. मी सांगितलं की रिपोर्टमध्ये नाव येणार नाही. तेव्हापासून वाद अडकून पडलाय. मेमो अजून निघालेला नाही आणि मला तो निघू द्यायचा नाही. सगळी लाइन बघत्येय. त्या मुलाचं जे होईल त्यावरून बाकीचे ठरवतील की पुढच्या वेळी हाक मारायची की पीस टाकीमागे सरकवायचा.

आमच्याकडे वाढदिवसाला केक कापतात, दसऱ्याला मशीनची पूजा होते, सगळे साहेबांच्या पाया पडतात, 'आपण सगळे एक कुटुंब' असं भाषण होतं. त्याला माझा विरोध नाही. पण माणूस आपल्या साहेबावर भरवसा ठेवायचा की नाही हे वाईट बातमी सांगितल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ठरवतो, असं मला पक्कं वाटतं. क्वालिटीचे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांच्या १४ सूत्रांमधलं आठवं सूत्र भीती घालवा असंच सांगतं. जगभरच्या क्वालिटीवाल्यांना ही सूत्रं शिकवली जातात आणि नेमकं हेच सूत्र कुणी अमलात आणत नाही.

तुमच्या कामाच्या ठिकाणी काय अनुभव आहे? साहेब म्हणून आणि हाताखालचा माणूस म्हणून, दोन्ही बाजूंनी लिहा.

कोकणकडा

चांगला विषय. मी हिंजवडीत, सॉफ्टवेअरमध्ये, सध्या एका टीमचा मॅनेजर. आमच्याकडे लाल पेटी नसते, आठवड्याचा स्टेटस रिपोर्ट असतो. तीन महिने सगळं हिरवं आणि रिलीजच्या तोंडावर एकदम लाल. काम मागे पडलंय हे खालच्या मुलांना आधीच माहीत असतं. वर सांगितलं की 'मग तू काय करत होतास?' हा प्रश्न येतो, म्हणून कुणी सांगत नाही.

गूगलने २०१२ पासून स्वतःच्याच सुमारे १८० टीम्सचा अभ्यास केला होता. कुठल्या टीम चांगल्या चालतात आणि का, हे शोधायला. टीममध्ये हुशार माणसं किती, अनुभवी किती, यापेक्षा जास्त फरक एका गोष्टीने पडत होता : 'मला कळलं नाही', 'माझं चुकलं' असं बोलायची माणसाला भीती वाटते का.

आता अवांतर, पण राहवत नाही. घरून काम सुरू झाल्यापासून काही कंपन्या लॅपटॉपवर माऊस किती हलला हे मोजणारं सॉफ्टवेअर टाकतात. ज्या दिवशी ते टाकलं जातं त्या दिवशी तुम्ही माणसाला सांगता की तुझ्यावर आमचा विश्वास नाही. मग तोही काम मोजून मापून करतो. मी माझ्या टीमवर ते लावायला नकार दिलाय आणि त्यासाठी वरच्यांशी वाईटपणाही घेतलाय.

निशिगंध

मी नर्सिंगमध्ये आहे, आयसीयू. रानजाई, तुमच्या लाल पेटीचं आमच्याकडे नाव इन्सिडंट फॉर्म.

हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या वॉर्डांत औषधांच्या चुका किती होतात याचा अभ्यास केला. त्यांची अपेक्षा अशी की जिथे टीम चांगली, तिथे चुका कमी. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुका जास्त दिसल्या. नंतर उलगडा झाला की तिथे चुका होत जास्त नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत सिस्टर गप्प बसत होत्या. टीममध्ये न घाबरता बोलता येतं का, यावर १९९९ साली त्यांनी जो शोधनिबंध लिहिला, कोकणकडा यांनी सांगितलेल्या गूगलच्या अभ्यासाने शेवटी त्याचाच आधार घेतला.

आमच्याकडचं एक सांगते. पोटॅशियम क्लोराइडचं कॉन्सन्ट्रेटेड इंजेक्शन पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. त्याचा ॲम्प्युल आणि रोज लागणाऱ्या साध्या ॲम्प्युलचा आकार, रंग खूप सारखा असू शकतो. आमच्या एका ज्युनिअर मुलीने ड्रॉवरमधून काढताना चुकीचा ॲम्प्युल हातात घेतला, लेबल वाचताना तिच्या लक्षात आलं आणि परत ठेवला. पेशंटला काहीच झालं नाही. ती गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिने इन-चार्ज सिस्टरना सांगितलं. सिस्टरनी तिला आधी पाणी दिलं, मग दोघींनी मिळून तो ड्रॉवर रिकामा केला. तेव्हापासून पोटॅशियमचे ॲम्प्युल वेगळ्या कपाटात, कुलपात, मोठ्या लाल अक्षरांचं लेबल लावून. त्या मुलीवर ओरडल्या असत्या तर ॲम्प्युल आजही त्याच ड्रॉवरमध्ये शेजारी शेजारी पडलेले असते.

लेथवाला

सगळ्यांचं वाचलं. आता माझी बाजू ऐका. माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, काही जुने लेथ. मशीन बँकेच्या कर्जावर, हप्ता पाच तारखेला. मटेरियल कस्टमरचं. एक ट्रे बिघडली की मटेरियलचे पैसे माझ्या बिलातून कापले जातात. तेव्हा मला कुणी विचारत नाही की तुझ्या मनात भीती आहे का.

मोठ्या कंपनीला नाव न लिहिणं परवडतं. मला कोण बिघडवतो हे कळलंच पाहिजे. आणि विश्वासाचं म्हणाल तर तो दोन्हीकडून लागतो. मुलगा गावाकडून येतो, त्याला शिकवायचं, खोली बघून द्यायची, लग्नकार्याला उचल द्यायची. हात बसला की शेजारच्या गाळ्यात थोडे जास्त मिळतात म्हणून एका सकाळी येतच नाही. फोन बंद. उचल बुडाली. असं अनेकदा झालंय. मग साहेबाने विश्वास ठेवायचा कुणावर?

फर्स्ट पीस चेक करायचा असतो हे त्या पोराला माहीत होतं ना? मग मेमो का नको?

जुना_टर्नर

लेथवाले साहेब, तुमचं दुखणं खरं आहे. मी पिंपरीत आयुष्यभर टर्नर होतो, शेवटी फोरमन म्हणून रिटायर झालो, त्यामुळे दोन्हीकडची चटणी-भाकरी खाल्ली आहे.

माझे वडील परळच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर विणणारे. त्यांच्या काळात गिरणीचा मॅनेजर कोण हे कामगाराला माहीतही नसायचं. त्याला ठाऊक असायचा जॉबर, म्हणजे मुकादम. गावाकडून माणूस आणायचा जॉबर, साचा द्यायचा जॉबर, बदली लावायचा जॉबर, काढून टाकायचा जॉबर. त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागायची. गिरणी बंद पडली की उधारीला, आजारपणाला उभा राहायचा तोही जॉबरच. म्हणजे लुटायचा तो आणि आधारही तोच. १९३१ साली सरकारच्या व्हिटली कमिशनने जॉबरच्या हातातून भरती काढून घ्या असं सुचवलं. पण मालकांना जॉबर सोयीचा होता, कामगाराशी स्वतः बोलावं लागत नव्हतं. पुढे १९८२ चा संप झाला तेव्हा कामगार आणि मालक यांच्यामध्ये बोलायला विश्वासाचं माणूसच उरलं नव्हतं. मान्यताप्राप्त युनियनवर कामगारांचा भरवसा नाही, आणि ज्या डॉ. दत्ता सामंतांवर भरवसा त्यांच्याशी मालक बोलायला तयार नाहीत. सुमारे अडीच लाख माणसं होती त्या संपात. माझे वडील त्यात होते. गिरणीचं दार त्यांच्यासाठी परत उघडलं नाही.

हे का सांगतोय? आज चाकणला मुलगा कंपनीत काम करतो पण त्याचा मालक कागदावर ठेकेदार असतो. पगार चुकला, सुट्टी हवी, की कंपनीचा साहेब म्हणतो ठेकेदाराला विचार. ठेकेदार म्हणतो साहेबाला विचार. त्या पोराने कुणावर विश्वास ठेवायचा?

लेथवाल्यांच्या प्रश्नाला उत्तर. फोरमन असताना माझा नियम एकच होता. स्वतः येऊन सांगितलं तर मी साहेबासमोर उभा राहीन. लपवलं आणि मला सापडलं तर मेमो मीच लिहीन. नियम दोन्ही बाजूंनी पाळला. सांगणाऱ्याला वाचवलं आणि लपवणाऱ्याला, मग तो माझ्या गावचा का असेना, सोडलं नाही. पोरांना सूट नको असते हो. आज साहेब कसा वागेल हे आधी माहीत असावं, एवढं त्यांना हवं असतं. आज हसून सोडतो आणि उद्या त्याच गोष्टीवर आईबहीण काढतो, अशा साहेबाला कुणी काही सांगत नाही.

ह्यूरॉनकाठ

मिशिगनहून लिहितोय, गाड्यांच्याच धंद्यात आहे. या विषयावर आमच्याकडे सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे कॅलिफोर्नियातला फ्रीमॉंटचा कारखाना.

जनरल मोटर्सने तो १९८२ मध्ये बंद केला. कंपनीतल्या सगळ्यात वाईट कारखान्यांपैकी एक अशी त्याची ख्याती. दर दिवशी पाचातला एक माणूस गैरहजर. दारू, मारामाऱ्या, मुद्दाम बिघडवलेल्या गाड्या. पहिला नियम असा की काही झालं तरी लाइन थांबवायची नाही. गाडी चुकीची जोडली जात असली तरी ती पुढे जाणार, शेवटी अंगणात नेऊन दुरुस्त करणार.

१९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना 'नूमी' या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. फरक हा की प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी. अडचण दिसली की ओढायची. टीम लीडर धावत येणार, अडचण विचारणार, मदत करणार, नाहीच सुटली तर लाइन थांबणार. दोरी ओढली म्हणून शिक्षा नाही. गैरहजेरी काही टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा अमेरिकेतल्या सर्वोत्तम कारखान्यांच्या रांगेत गेला.

पण खरी कसोटी १९८८ च्या सुमारास लागली. विक्री घटली, काम कमी झालं. जुन्या काळात अशा वेळी शेकडो माणसं घरी बसली असती. नूमीने कुणाला काढलं नाही. रिकाम्या माणसांना ट्रेनिंगला बसवलं, सुधारणेच्या कामाला लावलं. काढणार नाही असं करारात लिहिलं होतं, ते पाळलं. त्यानंतर कामगारांचा विश्वास बसला असं तिथली माणसं सांगतात.

जनरल मोटर्सने हेच व्हॅन नाइजच्या कारखान्यात करून बघितलं. टीम आल्या, दोरीही आली. साहेबांचं वागणं मात्र जुनंच राहिलं, कारण वरून त्यांना गाड्यांचा आकडाच विचारला जायचा. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. म्हणून रानजाई, मला विचाराल तर तुमचा प्रॉडक्शन मॅनेजर वाईट माणूस आहे असं धरून चालू नका. त्याला रोज संध्याकाळी कोण काय विचारतं ते बघा.

रानजाई

ह्यूरॉनकाठ, शेवटचं वाक्य लागलं. आमच्याकडे सकाळच्या मीटिंगला प्लांट हेड पहिला प्रश्न विचारतात, काल किती पीस गेले. किती लाल पेटीत पडले हे विचारतात ते फक्त ओरडण्यासाठी.

थर्डशिफ्ट

मी मशीनवर काम करतो. परभणी जिल्ह्यातला, आयटीआय झालेला, आधी नीम या सरकारी योजनेतला ट्रेनी होतो, आता ठेकेदाराकडे. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे म्हणता पीस का लपवतात. सांगतो. मशीनच्या वर बोर्ड असतो, तासाला किती पीस पाहिजेत ते. मागे पडलं की लाइन लीडर येऊन उभा राहतो. रिजेक्शन लिहिलं की दोन प्रश्न, कसं झालं आणि आकडा कसा भरून काढणार. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसतं. त्यापेक्षा पीस टाकीमागे बरा.

आणि आमचं गेट कधी बंद होईल सांगता येत नाही. मेमो परमनंट माणसाला. आम्हाला मेमो येत नाही, ठेकेदाराचा फोन येतो, उद्यापासून येऊ नको. बस. म्हणून रानजाई मॅडम, मेमो थांबवला तरी त्या पोराला वाचवलं असं समजू नका. पुढच्या महिन्यात त्याचं गेट चालू आहे का ते बघा. आम्ही ते बघतो.

विश्वास कुठून येतो? माझ्या मते मोठ्या गोष्टीतून नाही येत. ओव्हरटाइमचे तास मी वहीत लिहितो. पगाराच्या कागदावर ते तेवढेच आले की बरं वाटतं. कमी आले आणि विचारायला गेलो की 'बघू' म्हणतात, तिथून पुढे त्या माणसाचं काही खरं वाटत नाही. पोळ्याला सुट्टी मागितली, नाही म्हणाले तरी चालतं, पण हो म्हणून ऐन वेळी फिरवलं की राग येतो.

एक साहेब होते. रात्री दोनच्या चहाला आमच्याबरोबर बाकड्यावर बसायचे. रोज नाही, अधूनमधून. बाकीचे साहेब रात्री आले की झोपलंय का कोण हे बघायला येतात. ते आले की विचारायचे, काय अडतंय? मी सांगितलं होतं की पायाखालची फळी बुटकी आहे, कास्टिंग उचलताना कंबर भरते. चार दिवसांत नवीन फळी आली. त्यानंतर त्यांना मी सगळं सांगायचो, रिजेक्शनसुद्धा. त्यांची बदली झाली. फळी आहे अजून.

मॅडम, त्या पोराला विचारा फर्स्ट पीस का नाही केला. ओरडून नाही, बसून. कारण असेल काहीतरी. हौसेने कोणी सोडत नाही.

प्राजक्त

थर्डशिफ्ट, तुमचा प्रतिसाद आमच्या अख्ख्या एचआर डिपार्टमेंटने वाचावा असा आहे. चुकलं काहीच नाही, लिहीत राहा.

मी एचआरमध्ये आहे, म्हणून सर्व्हेबद्दल थोडं. दरवर्षी कंपनी सर्व्हे करते, 'तुमच्या मॅनेजरवर तुमचा विश्वास आहे का', एक ते पाच गुण. वर लिहितात की नाव गुप्त राहील. पण आधी डिपार्टमेंट, शिफ्ट, वय, किती वर्षं नोकरी हे सगळं भरायचं असतं. सहा माणसांच्या टीममध्ये एवढं भरल्यावर गुप्त काय राहिलं? माणसं हुशार असतात, ती सगळीकडे चार देतात. मॅनेजमेंट खूश होतं. गेल्या खेपेला मी हट्टाने ते रकाने काढायला लावले आणि मोजकेच प्रश्न ठेवले. त्यातला एक होता, या वर्षी तुम्ही सांगितलेली कुठली अडचण सुटली? बहुतेकांनी तो रिकामा सोडला. त्या रिकाम्या कागदांमधून मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या सगळ्या सर्व्हेंमधून कळलं नव्हतं.

दख्खनी

कामगार कायद्याची प्रॅक्टिस करतो. थोडक्यात दोन-तीन मुद्दे, कारण लेथवाल्यांनी नुकसानीचा प्रश्न काढलाय आणि बऱ्याच ठिकाणी पीस बिघडला की परस्पर पगार कापतात.

तसं कापता येत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून नियम असा की नुकसान थेट त्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल तरच कपात, तीही त्याला बाजू मांडायची संधी दिल्यावर आणि नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त नाही. दंड लावायचा तर कशाबद्दल लावणार हे आधी नोटीस लावून जाहीर केलेलं पाहिजे, आणि तो त्या काळातल्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. २०१९ च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व आहे.

दुसरं, २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार तिच्यात मालक आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी हवेत आणि महिला कामगारांच्या प्रमाणात महिला सदस्यही. नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू आहे. मी ज्या कारखान्यांत जातो तिथे बहुतेक ठिकाणी समिती फाइलमध्ये असते, नोटीस बोर्डावर तिची नावंसुद्धा असतात, फक्त बैठक झालेली नसते. ती बैठक महिन्याला खरोखर झाली, ठेक्यावरच्या माणसांनाही तिथे बोलू दिलं आणि इतिवृत्त शॉपवर लावलं, तरी माझ्याकडे येणाऱ्या केसेस बऱ्याच कमी होतील. माझं उत्पन्न घटलं तरी चालेल.

विश्वास कायद्याने येत नाही हे मान्य. पण कायदा मोडला की जातो, तो मात्र नक्की जातो.

लेथवाला

दख्खनी साहेब, ३ टक्क्यांचं माहीत नव्हतं. नोंद घेतली.

टर्नर काका, तुमचा नियम पटला. स्वतः सांगितलं तर पाठीशी, लपवलं तर कारवाई. हे मला जमण्यासारखं आहे. उचलीचा प्रश्न तरी राहतोच.

जुना_टर्नर

उचल बुडते ते मलाही माहीत आहे. पण एक विचारतो, राग मानू नका. शेजारच्या गाळ्यात थोडे जास्त मिळतात हे मुलाने तुम्हाला येऊन सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? 'जा मग तिकडे' असं म्हणणार असाल तर तो न सांगताच जाणार. पगार कधी आणि किती वाढणार हे कामाला लावतानाच सांगा आणि त्या महिन्यात न मागता वाढवा. काही जातील तरी. पण जाणारा सांगून जाईल, उचल फेडून जाईल.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा तुरुंगातून सुटलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं होतं. लोकांनी वेड्यात काढलं असणार. त्यांनी त्या माणसांच्या हातात कारखाना सोपवला आणि कारखाना उभा राहिला. तुम्ही तर आयटीआयच्या पोरांना घाबरताय.

रानजाई

थर्डशिफ्ट दादा, तुमचं ऐकलं. काल त्या मुलाबरोबर बसले. केबिनमध्ये बोलावलं असतं तर घाबरला असता, म्हणून मशीनपाशीच, जेवणाच्या सुट्टीत.

फर्स्ट पीस का नाही केला याचं उत्तर असं : त्या बोअरचा प्लग गेज दोन मशीनना मिळून एकच आहे. तो पलीकडच्या लाइनच्या टोकाला असतो. आणायला जायचं, तिकडचा ऑपरेटर वापरत असला तर थांबायचं, परत यायचं. तेवढ्यात बोर्डावरचा आकडा मागे पडतो. दिवसपाळीत लाइन लीडर आणून देतो. रात्री एक लीडर तीन लाइनना असतो. म्हणजे रात्री हा चेक कुणीच नीट करत नव्हतं. बाकीच्या दोघांना विचारलं, त्यांनीही खाली बघून हो म्हटलं. याने दशांश चुकवला म्हणून हे उघडकीला आलं.

एट-डी मध्ये नाव लिहून मोकळे झालो असतो तर गेज तिथेच राहिला असता. मी रिपोर्ट तसाच लिहिला : गेज एकच, अंतर, रात्रीचा लीडर, तासाचं टार्गेट ठरवताना चेकचा वेळ धरलेला नाही. प्लांट हेडसमोर ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग प्रॉडक्शन मॅनेजरना विचारलं की गेज केवढ्याचा आहे. बिघडलेल्या ट्रेच्या मटेरियलपेक्षा खूप स्वस्त निघाला. मागवलाय. मेमोचा विषय मिटला असं तोंडी सांगितलं. मी ते मेलवर घेतलं. आणि कंत्राटदाराच्या सुपरवायझरशी स्वतः बोलून त्या मुलाचं गेट चालू राहील हे पक्कं केलं. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यातही बघणार आहे.

सगळं गोड झालं असं नाही. प्रॉडक्शन मॅनेजर माझ्याशी नीट बोलत नाहीत. टार्गेट अजून तेच आहे, त्यात चेकचा वेळ धरायला ते तयार नाहीत. तो वाद पुढच्या आठवड्यात होणार. त्यासाठी मी प्रत्येक मशीनवर चेकला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजत्येय, ऑपरेटरना सांगून, त्यांच्यासमोर.

थर्डशिफ्ट

मॅडम, वेळ रात्री पण मोजा. दिवसाचा आणि रात्रीचा वेगळा येईल.

रानजाई

मोजते. या आठवड्यात तिसऱ्या शिफ्टला येत्येय.

लेथवाला

रानजाई ताई, लाल पेटीसाठी तुम्ही जो कागद वापरता त्याचे रकाने इथे टाकाल का? मला माझ्याकडे सुरू करायचा आहे.

रानजाई

टाकते. वेळ, मशीन, कुठला भाग, काय बिघडलं, पहिल्यांदा कसं लक्षात आलं (गेज, डोळा, आवाज, हाताला), त्या वेळी काय वेगळं चाललं होतं (इन्सर्ट बदलला, नवा लॉट, लाइट गेली होती, एकटाच होतो), काय मिळालं असतं तर टळलं असतं. शेवटचा रकाना लाइन इन-चार्जने भरायचा : मी काय केलं आणि कधी. तो चोवीस तासांत भरला नाही तर कागद माझ्याकडे येतो. ऑपरेटरच्या नावाचा रकाना ठेवलेला नाही. तुमच्याकडे मोजकी माणसं, तुम्हाला नाव तसंही कळणारच. पण कागदावर लिहू नका, आणि पहिले काही कागद तुम्ही स्वतःच्या हाताने, स्वतः बिघडवलेल्या पीसचे भरून पेटीवर लावा.